समुद्री गोगलगायींची नावे आणि तेखेलेतचा शोध



सिसिथमध्ये तेखेलेतचा धागा असावा, ही आज्ञा तोरातील गणना या पुस्तकाच्या १५ व्या अध्यायात आहे, हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. तरीही आपल्या वाडवडिलांनी कोकणात आणि मुंबईत जे सिसिथ वापरले त्यांचे धागे पांढरेच होते. यात त्यांची हयगय नव्हती. तेखेलेतचा निळा रंग ज्या समुद्री प्राण्यापासून निघत असे तो प्राणी कोणता, याची माहितीच सुमारे १३०० वर्षांपूर्वी हरवली. आज्ञा राहिली, प्राण्याचे नावही राहिले. ते नाव म्हणजे हिलाझोन. पण हे नाव नेमके कोणाचे, हे बोट ठेवून सांगणारे कोणी उरले नाही.

आज यरुशलेममध्ये पुष्कळ तरुणांच्या सिसिथमध्ये निळा धागा दिसतो. काहींची नातवंडेही तो घालू लागली आहेत. मग घरोघरी प्रश्न निघतो : हाच तो प्राणी, हे कशावरून? कोणी ठरवले? या प्रश्नाचे उत्तर समजून घ्यायचे तर आधी हे पाहावे लागते की समुद्रातील गोगलगायींना शास्त्रज्ञ नावे कशी देतात आणि त्यांची घराणी कशी लावतात. विषय कठीण नाही. आपण तो पायरीपायरीने पाहू.

लोकांची नावे

कोकणच्या किनाऱ्यावर वाढलेल्यांना शंख, कवडी, शिंपली, कालवे, तिसऱ्या, खुबे हे शब्द सांगावे लागत नाहीत. जमिनीवरची ती गोगलगाय आणि समुद्रातला तो शंख, असा आपला सरळ हिशेब. रोजच्या व्यवहाराला ही नावे पुरतात. पण ती गावागणिक बदलतात, आणि पुष्कळदा एकाच शब्दात अनेक प्राणी मावतात. वाळूवर सापडलेल्या दहा प्रकारच्या लहानमोठ्या शंखांना आपण शंखच म्हणतो.

हिब्रूतही तेच झाले आहे. आजच्या हिब्रूत हिलाझोन म्हणजे कोणतीही गोगलगाय. पाऊस पडल्यावर बागेत निघते तीही हिलाझोन आणि समुद्राच्या तळाशी राहते तीही हिलाझोन. तलमूदाच्या काळातील लोकांपुढे तो प्राणी प्रत्यक्ष होता, म्हणून त्यांना त्या शब्दाने चालत होते. प्राणी डोळ्यांआड झाला आणि शब्द मोकळा पडला. शास्त्रीय नावाची गरज का पडते, ते इथे कळते. नाव असे हवे की ते एकाच प्राण्याला लागेल, सर्व देशांत सारखे राहील, आणि शेकडो वर्षांनंतरही कोणाला तपासून पाहता येईल.

आधी आडनाव, मग नाव

ही पद्धत रूढ केली स्वीडनच्या कार्ल लिनिअस यांनी. त्यांचा जन्म १७०७ चा, मृत्यू १७७८ चा. त्यांच्या 'सिस्टिमा नॅच्युरी' या ग्रंथाची १० वी आवृत्ती १७५८ साली निघाली. प्राण्यांच्या शास्त्रीय नावांची सुरुवात याच वर्षापासून धरतात. त्याआधी दिलेली नावे हिशेबात घेत नाहीत.

लिनिअसपूर्वी एका प्राण्याचे नाव म्हणजे लॅटिनमधील एक लांबलचक वाक्यच असे. लिनिअस यांनी ते दोन शब्दांवर आणले. हे दोन शब्द समजण्यास आपली शाळेतील हजेरी आठवावी. हजेरीपटावर आधी आडनाव, मग नाव : दिवेकर शमुवेल, पेणकर रिबेका. शास्त्रीय नावाची रचना तशीच आहे. पहिला शब्द प्रजातीचा, म्हणजे आडनावासारखा. दुसरा जातीचा, म्हणजे त्या घरातील एका व्यक्तीच्या नावासारखा. एका आडनावाची अनेक माणसे असतात, तशा एका प्रजातीत अनेक जाती असू शकतात. नुसते शमुवेल म्हटले तर कोणता शमुवेल हे कळत नाही. तसे नुसता जातीचा शब्द कधी वापरत नाहीत, दोन्ही मिळूनच नाव पुरे होते.

आपल्या कवडीचे उदाहरण घेऊ. जुन्या काळी नाण्यासारखी चालणारी पिवळसर कवडी, जिच्यावरून आपण अजून कवडीमोल म्हणतो, तिचे शास्त्रीय नाव मोनेटारिया मोनेटा. लॅटिनमध्ये मोनेटा म्हणजे नाणे. नाव ठेवणाऱ्यालाही तिचा हा उपयोग ठाऊक होता.

ही नावे लॅटिनच्या व्याकरणाने चालतात. लॅटिनमध्ये मराठीसारखीच तीन लिंगे आहेत. आपण पांढरा, पांढरी, पांढरे म्हणतो, तसे तिथे अल्बस, अल्बा, अल्बम होते. जातीचा शब्द विशेषण असेल तर तो प्रजातीच्या लिंगाप्रमाणे बदलतो. म्हणून एकाच प्राण्याच्या नावाचे शेवटचे अक्षर दोन पुस्तकांत निराळे दिसले तर ती छपाईची चूकच असेल असे नाही.

कंसातले माहेर

आता आपल्या विषयाच्या गोगलगायीकडे येऊ. भूमध्य समुद्रात राहणारी, साधारण अंगठ्याएवढ्या लांबीची किंवा थोडी मोठी, जाड कवचाची ही गोगलगाय. कवचावर तपकिरी पट्टे आणि बोथट उंचवटे असतात. लिनिअस यांनी १७५८ साली तिला म्युरेक्स ट्रंक्युलस म्हटले. आजच्या पुस्तकात तिचे नाव असे लिहिलेले दिसेल : हेक्साप्लेक्स ट्रंक्युलस (लिनिअस, १७५८).

आडनाव का बदलले? लिनिअस यांच्या म्युरेक्स प्रजातीत काटेरी, खडबडीत अशा अनेक शंखांची गर्दी झाली होती. पुढच्या अभ्यासकांनी त्यातले जवळचे जवळचे निवडून निराळी घरे केली. इंग्लंडच्या जॉर्ज पेरी यांनी १८१० साली हेक्साप्लेक्स ही प्रजाती केली. ग्रीक भाषेतील हेक्सा आणि आपला षट्, सहा हे एकाच मुळातले शब्द आहेत. मधल्या काळात काहींनी हिला फायलोनोटस या घरात घातले, काहींनी ट्रंक्युलॅरिऑप्सिस या घरात. जुन्या पुस्तकांत ही सर्व नावे मिळतात. पण एक गोष्ट लक्षात घ्यावी. आडनाव बदलत गेले तरी ट्रंक्युलस हा शब्द तोच राहिला.

लग्न झाले की मुलीचे आडनाव बदलते, तरी ती ओळखू येते, तसेच हे आहे. आणि लिनिअस यांचे नाव कंसात का? तो नियमच आहे. ज्याने जातीला पहिल्यांदा नाव दिले त्याचे नाव आणि वर्ष पुढे लिहितात. जात आजही त्याच मूळ प्रजातीत असेल तर कंस नाही. पुढे दुसऱ्या प्रजातीत गेली असेल तर कंस. म्हणजे कंस ही माहेर निराळे असल्याची खूण. एवढी एक खूण वाचता आली तरी नावातून अर्धा इतिहास कळतो.

एक व्यक्ती, अनेक नावे

आपल्या समाजाच्या इतिहासात मुंबईचे पहिले सिनेगॉग १७९६ साली बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर आपणास माहीत आहेत. काही पुस्तकांत त्यांचे नाव शमुवेल यहेज्केल दिवेकर असे येते. शमुवेलचे सामाजी आणि यहेज्केलचे हसाजी, ही आपल्या कोकणातील रीत. ज्याला ही रीत ठाऊक नाही तो दोन माणसे मोजील.

प्राण्यांच्या बाबतीत असे फार झाले. एक अभ्यासक इटलीत, दुसरा इंग्लंडमध्ये, तिसरा नॉर्वेत. प्रत्येकाला किनाऱ्यावर एक गोगलगाय मिळाली आणि प्रत्येकाने तिला नवी समजून नाव दिले. खडकावर राहणारी लिटोरिना सॅक्साटिलिस नावाची एक लहानशी गोगलगाय आहे. तिचे कवच ठिकाणाप्रमाणे रंगाने, आकाराने, जाडीने बदलते. त्यामुळे तिला आजवर शंभराहून जास्त निरनिराळी नावे दिली गेली. समुद्री जीवांच्या जागतिक नोंदवहीचे काम करणाऱ्या शास्त्रज्ञांनी सर्व नावे जुळवून पाहिली, तेव्हा ही सर्व एकाच प्राण्याची निघाली.

अशा वेळी कोणते नाव ठेवायचे? नियम साधा आहे. जे आधी दिले गेले ते खरे, बाकीची त्याची पर्यायी नावे. लिटोरिनाला हे नाव इटलीच्या ज्युसेप्पे ओलिवी यांनी १७९२ साली दिले, म्हणून ते टिकले. हे नियम सांभाळण्यासाठी १८९५ पासून एक आंतरराष्ट्रीय आयोग आहे. तंटा पडला की तो निर्णय देतो. कोणत्याही देशाच्या सरकारचा त्यात हात नाही. आपापसात मान्य केलेल्या नियमावर हे सारे चालले आहे.

मूळ नमुना

नावाला नुसता शब्द आणि वर्ष पुरत नाही. प्रत्येक जातीच्या नावामागे शक्यतो एक खरा नमुना संग्रहालयात जपून ठेवलेला असतो. त्याला प्ररूप म्हणतात. पुढे वाद झाला की पुस्तकातील वर्णन बाजूला ठेवून हा नमुना काढून पाहतात. लिनिअस यांच्या मृत्यूनंतर त्यांचा संग्रह १७८४ साली इंग्लंडच्या जेम्स एडवर्ड स्मिथ यांनी विकत घेतला. आज तो लंडनच्या लिनिअन सोसायटीत आहे आणि त्यातील शंख अजूनही तपासता येतात.

हिलाझोनच्या बाबतीत हेच नव्हते. वर्णन होते, नमुना नव्हता. वर्णनात त्याचे शरीर समुद्रासारखे आहे असे सांगितले तर वाचणारा निळा प्राणी शोधणार, की शेवाळ चढलेला, की लाटेसारख्या रेघांचा? तिन्ही अर्थ निघू शकतात, आणि ते निघालेही.

घराणी कशी लावतात

आपल्या आया दारात कोळीण आली की टोपलीतला मासा उलटून त्याचे खवले आणि पर पाहत. मुशी, कोळंबी, शिंपल्या बाजूला राहत. तेही वर्गीकरणच होते. त्याचा हेतू काय खावे हे ठरवण्याचा, आणि त्या हेतूला ते पुरे होते. शास्त्रज्ञांचा हेतू निराळा. कोण कोणाचा नातलग, हे त्यांना शोधायचे असते.

लिनिअस यांनी शंखांचे प्राणी कृमींच्या वर्गात घातले होते, आणि मुख्यतः कवच पाहून त्यांची विभागणी केली होती. कवच टिकते, पेटीत राहते, दूरदेशीहून पाठवता येते. आतला मऊ प्राणी मात्र कुजून जातो. म्हणून घर पाहून घरमालक ओळखावा तसा तो प्रकार होता. त्यात घोटाळे झाले. समुद्राच्या पृष्ठभागावर बुडबुड्यांचा तराफा करून तरंगणारी एक जांभळी गोगलगाय आहे. तिचे कवच पातळ आणि गोलसर असते. लिनिअस यांनी तिला जमिनीवरच्या गोगलगायींच्या हेलिक्स प्रजातीत घातले. आज ती जँथिना जँथिना या नावाने समुद्री गोगलगायींत आहे.

पुढे फ्रान्सचे जॉर्ज क्युव्हिए यांनी आतल्या शरीराची रचना पाहण्यावर भर दिला. पोटाखाली स्नायूंचा एक रुंद पाय, त्यावर सरकत चालणारे, असे जे प्राणी त्यांचा एक वर्ग झाला. त्याला गॅस्ट्रोपोडा, मराठीत उदरपाद म्हणतात. उदर म्हणजे पोट आणि पाद म्हणजे पाय. या वर्गाची मोठी खूण बाहेरून दिसत नाही. पिल्लू अगदी लहान असतानाच त्याचे आतले शरीर पायाच्या मानाने अर्धा फेरा वळते, त्यामुळे मागचा भाग डोक्यावर येतो. शिवाय या प्राण्यांच्या तोंडात कानशीसारखी दातांची पट्टी असते. तिच्यावरचे दात कसे व किती, यावरून घराणे ओळखण्यास फार मदत होते.

आता आपल्या गोगलगायीचा पूर्ण पत्ता लिहू. मोठ्या विभागातून लहानाकडे यायचे, जसे देश, जिल्हा, गाव, गल्ली आणि घर :

सृष्टी : प्राणी
संघ : मोलस्का, म्हणजे मृदुकाय
वर्ग : गॅस्ट्रोपोडा, म्हणजे उदरपाद
गण : निओगॅस्ट्रोपोडा
कुल : म्युरिसिडी
प्रजाती : हेक्साप्लेक्स
जाती : हेक्साप्लेक्स ट्रंक्युलस

म्युरिसिडी कुलातील गोगलगायी शिकारी असतात. शिंपल्याच्या कवचाला भोक पाडून त्या आतले मांस खातात. त्यांच्या शरीरातील एका ग्रंथीतून जो स्राव निघतो तो आधी फिका असतो. हवा आणि उजेड लागला की पिवळा, हिरवा होत होत जांभळा होतो. रंगाची सारी गोष्ट या ग्रंथीत आहे.

गेल्या तीसचाळीस वर्षांत पेशींतील डीएनए वाचून नाती तपासतात. त्यामुळे पुष्कळ घराण्यांची फेरमांडणी झाली. आम्ही शाळेत असताना उदरपादांचे तीन मोठे विभाग पाठ करावे लागत. ती विभागणी आता कोणी धरत नाही. पॅरिसच्या संग्रहालयातील फिलिप बुशे यांनी सहकाऱ्यांसह २००५ साली नवी मांडणी प्रसिद्ध केली आणि २०१७ साली तिच्यात पुन्हा सुधारणा केली. याचा अर्थ जुने शास्त्रज्ञ अडाणी होते असा नाही. त्यांनी डोळ्याला दिसले ते नीट नोंदवले, म्हणून पुढच्यांना तपासता आले.

दिसणे आणि नाते यांत किती फरक पडतो, याचे एक ओळखीचे उदाहरण देतो. आपले हिंदू शेजारी पूजेत जो शंख ठेवीत त्याचे नाव टर्बिनेला पायरम. त्याचे टोक वर धरले तर तोंड बहुधा उजवीकडे येते. क्वचित एखाद्याचे डावीकडे येते आणि त्याला फार मोल असते. तेच ते दक्षिणावर्ती शंख. गंमत अशी की शास्त्रज्ञ त्यालाच डावा शंख म्हणतात, कारण ते टोक वर धरतात आणि पूजेत टोक खाली असते. वेटोळे उलटे असले तरी तो निराळ्या जातीचा नाही. एखादे मूल डावखुरे निघावे तसे ते आहे.

हिलाझोनचे तीन उमेदवार

आता मूळ प्रश्नाकडे वळू. गेल्या दीडशे वर्षांत हिलाझोन म्हणून तीन प्राणी पुढे आले.

पहिला, १८८० च्या दशकात पोलंडमधील राझिनचे रब्बी गेर्शोन हेनोख लायनर यांनी सुचवलेला. ते इटलीतील नेपल्सच्या मत्स्यालयात जाऊन आले आणि सेपिया ऑफिसिनालिस हा प्राणी त्यांनी निवडला. कोकणात आपण ज्याला माकूळ म्हणतो त्याचा हा नातलग. हाही मृदुकाय आहे, पण उदरपाद नव्हे. तो शीर्षपाद या दुसऱ्या वर्गातला. त्याच्या शाईपासून निळा रंग तयार झाला आणि हजारो लोकांनी तो वापरला. आजही त्या परंपरेचे लोक वापरतात.

त्याची तपासणी केली रब्बी यित्झाक हर्झोग यांनी. ते पुढे आयर्लंडचे आणि नंतर या देशाचे अश्केनाझी मुख्य रब्बी झाले. १९१३ साली लंडन विद्यापीठासाठी त्यांनी याच विषयावर प्रबंध लिहिला. त्यांनी राझिनच्या रंगाचे नमुने रसायनतज्ज्ञांकडे पाठवले. उत्तर आले की हा प्रशियन ब्लू आहे, म्हणजे लोखंड आणि इतर द्रव्ये मिसळून होणारा रंग. प्राण्याचा त्यात खास वाटा नाही. हर्झोग यांना ट्रंक्युलसच जवळची वाटत होती, पण तिच्यापासून जांभळट रंग निघे, निळा नव्हे, आणि तिचे कवचही समुद्राच्या रंगाचे नव्हते. म्हणून त्यांनी दुसरा उमेदवार सुचवला, तो वर सांगितलेली तरंगणारी जँथिना. पण तिच्या रंगाने लोकर पक्की रंगवता येत नाही.

तिसरी ट्रंक्युलस. फ्रान्सचे प्राणिशास्त्रज्ञ आंरी द लाकाझ-द्युतिए यांनी १८५८ साली मिनोर्का बेटावर एका कोळ्याला गोगलगायीच्या स्रावाने आपल्या कपड्यावर खुणा करताना पाहिले. त्या खुणा उन्हात जांभळ्या झाल्या. त्यावरून त्यांनी भूमध्य समुद्रातील रंग देणाऱ्या तीन गोगलगायी निश्चित केल्या. आज त्यांची नावे हेक्साप्लेक्स ट्रंक्युलस, बोलिनस ब्रँडारिस आणि स्ट्रामोनिटा हीमास्टोमा. हिब्रूत पहिलीला आर्गामोन केहे-कोत्झिम, म्हणजे बोथट काट्यांची म्हणतात. दुसरीला आर्गामोन हाद-कोत्झिम, म्हणजे तीक्ष्ण काट्यांची. तिसरीला आर्गामोनित अदुमात-पे, म्हणजे लाल तोंडाची. हीमास्टोमा या ग्रीक शब्दाचा अर्थही रक्तासारखे तोंड असाच आहे.

१९०९ साली जर्मनीचे पाउल फ्रीडलेंडर यांनी १२,००० ब्रँडारिस गोगलगायींतून केवळ १.४ ग्रॅम रंग काढला आणि त्याची रचना सांगितली. तो निळीच्याच द्रव्याचा भाऊ निघाला, फक्त त्यात ब्रोमिनचे दोन अणू जास्त. १२,००० जीवांमागे दीड ग्रॅमही नाही, यावरून तो रंग राजेलोकांनाच का परवडे हे ध्यानात येते.

मग जांभळ्याचा निळा कसा होतो? हे १९८० च्या दशकात येथील शेंकार कॉलेजचे ओटो एल्स्नर यांच्या लक्षात आले. ट्रंक्युलसचा रंग विरघळलेल्या स्थितीत असताना त्यावर ऊन पडले तर ब्रोमिन निघून जाते आणि उरते ती निळी नीळ. ढगाळ दिवशी रंगवले तर जांभळा, लख्ख उन्हात रंगवले तर निळा. हर्झोग यांची मोठी शंका अशी फिटली. हैफाजवळ तेल शिक्मोना येथे जुन्या काळच्या मातीच्या भांड्यांच्या तुकड्यांवर या गोगलगायींच्या रंगाचे डाग सापडले आहेत. म्हणजे आपल्या याच किनाऱ्यावर हा धंदा चालत होता.

म्हणून आज बहुतेक अभ्यासकांचे बोट ट्रंक्युलसकडे जाते. पण इथे एक मर्यादा ओळखली पाहिजे. हा रंग कोणत्या प्राण्याचा, तो कसा निघतो, प्राचीन काळी कोण वापरत होते, हे शास्त्र सांगू शकते. तो धागा आपण घालावा की नाही, हे शास्त्राने सांगायचे नाही. त्याबद्दल रब्बींमध्येही एकमत नाही. ज्याने त्याने आपल्या रब्बीस विचारावे. आपले वडील पांढऱ्या धाग्याने तेफिला करीत आले, त्यात काही उणे नव्हते.

समुद्र बदलतो आहे

नावांच्या या नोंदींचा उपयोग आज निराळ्या कारणासाठीही होतो. हैफाच्या राष्ट्रीय समुद्रशास्त्र संस्थेतील गिल रिलोव्ह यांनी २०१६ साली दाखवून दिले की पूर्वी इस्राएलच्या किनाऱ्यावर नेहमी आढळणाऱ्या मृदुकाय प्राण्यांच्या कित्येक जाती आता सापडेनाशा झाल्या आहेत. पाणी तापत चालले आहे. लाल तोंडाची स्ट्रामोनिटा, रंग देणाऱ्या तिघींपैकी एक, तीही येथील खडकांवरून जवळजवळ नाहीशी झाली. पूर्वीच्या लोकांनी कोणती गोगलगाय कुठे सापडली ते नावानिशी लिहून ठेवले होते, म्हणून हे कळले. नाव नसते तर गेल्याचेही कळले नसते.

काही नव्याने आल्याही आहेत. पर्शियन आखात आणि ओमानच्या बाजूच्या समुद्रातील एक गोगलगाय १९७८ साली तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर प्रथम दिसली. आज ती इस्राएलच्या किनाऱ्यावर हजारोंनी आहे. सुरुवातीला अभ्यासकांनी तिला डेकोरस नावाच्या दुसऱ्याच जातीत मोजले. नीट तपासल्यावर ती पर्सिकस ठरली. तिचे आजचे नाव कोनोम्युरेक्स पर्सिकस (स्वेन्सन, १८२१). नावात म्युरेक्स आहे म्हणून ती आपल्या रंगवालीची बहीण समजू नये. तिचे कुल स्ट्रॉम्बिडी, अगदी निराळे. अरबी समुद्राच्या बाजूने येऊन या किनाऱ्यावर वस्ती केली, आणि प्रथम लोकांनी भलतेच कोणी समजून नाव लावले, हे वाचून आपल्यापैकी अनेकांना हसू येईल.

आपल्या हातातले काम

हिलाझोनची गोष्ट आपल्याला एक धडा देते. शब्द टिकला, पण तो कोणाचा हे सांगणारे गेले, आणि तो परत जुळवण्यासाठी इतकी शतके लागली. आपल्या पिढीजवळ कोकणच्या समुद्राचे पुष्कळ शब्द आहेत. कोणत्या शिंपलीला नवगावात काय म्हणत, रेवदंड्यात काय म्हणत, शंखांच्या कोणत्या प्रकाराला मुले कोणत्या नावाने हाका मारीत. हे शब्द येथे जन्मलेल्या मुलांना ठाऊक नाहीत, आणि आपल्यामागे ते विचारणार कोणाला?

तेव्हा वाचकांना आमची विनंती आहे. आठवतील ती नावे एका कागदावर लिहावीत. नुसता शब्द लिहून थांबू नये. आकार, रंग, कुठे सापडे, गाव कोणते, तेही लिहावे. कोणाच्या घरी गावाहून आणलेला एखादा शंख वा कवडी असेल तर तिच्याबरोबर चिठ्ठी ठेवावी. पुढेमागे भारतात जाणारे कोणी असतील तर त्यांनी किनाऱ्यावरच्या लोकांना विचारून नावे पडताळून आणावीत. मासिकाच्या पत्त्यावर पाठवल्यास आम्ही ती एकत्र करू, आणि जी ओळखता येतील त्यांच्यापुढे शास्त्रीय नाव लिहून या पानांवर देऊ.